शुश्रूषा आणि जिज्ञासा : वृद्धपरिचर्येच्या संशोधनातील एक अध्याय

१

संस्कृतातून मराठीत आलेल्या वैद्यकविषयक शब्दांपैकी ‘चिकित्सा’ आणि ‘शुश्रूषा’ हे दोन शब्द व्याकरणदृष्ट्या सख्खी भावंडे आहेत. दोन्ही शब्द इच्छार्थक, म्हणजे सन्नन्त, धातुरूपांपासून सिद्ध झालेले आहेत. ‘चिकित्सा’ हा शब्द पाणिनीय परंपरा ‘कित्’ धातूपासून साधते. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध जाणणे, ध्यान देऊन पाहणे ह्या अर्थाच्या ‘चित्’ धातूशी लावतात. ‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे ह्या धातूपासून झाला आहे. पहिल्याच्या मुळाशी जाणण्याची इच्छा आहे, दुसऱ्याच्या मुळाशी ऐकण्याची. ऐकावयाचे ते अर्थातच वडिलांचे किंवा गुरूचे वचन. त्यावरून आज्ञापालन, आज्ञापालनावरून सेवा, आणि सेवेवरून रोग्याची सेवा असा ह्या शब्दाचा अर्थप्रवास झाला. वैद्याने जाणावे आणि शुश्रूषा करणाऱ्याने ऐकावे, ही कामाची वाटणी जणू शब्दांच्या पोटातच दडलेली दिसते.

व्युत्पत्तीवरून समाजाचा इतिहास सिद्ध होत नाही, हे भाषेच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको. किंबहुना आपल्याच परंपरेत ह्या वाटणीविरुद्ध जाणारा पुरावा आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे जे चार पाद सांगितले आहेत, त्यांत वैद्य, औषधद्रव्य व रोगी ह्यांच्या जोडीला उपस्थाता, म्हणजे परिचारक, हा स्वतंत्र पाद मानलेला आहे. आणि त्याच्या अंगी असावयाच्या चार गुणांत उपचारांचे ज्ञान ह्याचा उल्लेख दाक्ष्य, अनुराग व शौच ह्यांच्याही आधी येतो. तेव्हा परिचारकास ज्ञान हवे, ही कल्पना नवी नाही. नवी गोष्ट निराळीच आहे. परिचारकाने दुसऱ्याने निर्माण केलेले ज्ञान केवळ आत्मसात न करता स्वतः प्रश्न विचारावा, मोजमाप करावे, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष वैद्यासही मान्य करावा लागावा, ही ती गोष्ट होय. शुश्रूषेची जिज्ञासा झाली ती विसाव्या शतकात. आणि तिचे एक महत्त्वाचे पाऊल पडले ते जेथे कोणाचेच लक्ष नव्हते अशा ठिकाणी, म्हणजे इंग्लंडमधील जराजर्जर रोग्यांच्या कक्षांत.

प्रस्तुत लेखात ह्या परिवर्तनाचा विचार डोरीन नॉर्टन (१९२२–२००७) ह्या इंग्रज परिचारिकेच्या कार्याच्या आधारे करावयाचा आहे. नॉर्टनबाईंचे नाव आज जगातील बहुतेक परिचर्या-महाविद्यालयांत एका गुणांकन-तक्त्याच्या निमित्ताने घेतले जाते. परंतु तो तक्ता ज्या प्रश्नातून जन्मास आला तो प्रश्न मात्र विस्मरणात गेला आहे. माझ्या मते तो प्रश्नच तक्त्यापेक्षा अधिक मोलाचा आहे.

२

प्रथम क्षेत्राचा परिचय करून घेऊ. वृद्धांच्या वैद्यकास ‘जेरिअॅट्रिक्स’ हे नाव न्यूयॉर्क येथील इग्नाझ नॅशर ह्या डॉक्टरने १९०९ साली दिले. वार्धक्यवाचक ग्रीक ‘गेरास’ आणि वैद्यकवाचक प्रत्यय ह्यांच्या संयोगातून त्याने हा शब्द घडविला. हे ‘गेरास’ आणि आपली ‘जरा’ ही एकाच इंडो-युरोपीय मुळाची रूपे होत. ‘जीर्ण’, ‘जरठ’, ‘जर्जर’ हा सारा परिवार त्याच घराण्यातला. मराठीने मात्र नित्याच्या व्यवहारासाठी वेगळा शब्द पत्करला. ‘म्हातारा’ हा ‘महत्तर’ शब्दापासून आला आहे. ज्या शब्दाने एके काळी अधिक मोठा, अधिक मानाचा असा बोध होई, त्याच शब्दाने आज बहुधा अवहेलना सूचित होते. वृद्धांच्या सामाजिक स्थानाविषयी ह्या अर्थापकर्षाने जे सांगितले आहे, त्यावर वेगळे भाष्य करण्याचे कारण नाही.

इंग्लंडात ह्या अवहेलनेस इमारतीचे रूप आले होते. गरीब व निराधार म्हाताऱ्यांची अखेर ‘वर्कहाउस’ नावाच्या संस्थांत आणि त्यांना जोडलेल्या रुग्णालयांत होत असे. १९२९ च्या कायद्याने ह्या संस्था स्थानिक शासनाकडे आल्या आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यावर त्यांतील रुग्णालये तिच्यात समाविष्ट झाली; परंतु नाव बदलले म्हणून वहिवाट बदलत नाही. अशा कक्षांतील रोग्यांना ‘जुनाट आजारी’ असे एकच नाव असे. जे नाव सर्वांना सरसकट लागू पडते ते कोणाचेच निदान करीत नाही. डॉ. मार्जरी वॉरेन ह्यांनी हे प्रथम ओळखले. १९३५ साली त्यांच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या वर्कहाउसमधील ७१४ रोगी सोपविण्यात आले. वॉरेनबाईंनी प्रत्येकास तपासले, रोग्यांचे वर्ग पाडले, आणि वर्षानुवर्षे अंथरुणात पडून असलेल्यांपैकी अनेकांस उठवून चालते केले. १९४३ व १९४६ साली त्यांनी ह्या अनुभवावर लिहिलेले लेख ब्रिटिश जराचिकित्सेचा पाया मानले जातात. रोगी अंथरुणास खिळला आहे तो वयामुळे, असे मानण्याची सवय ह्या लेखांनी मोडली. पुष्कळदा तो अंथरुणात ठेवला गेला म्हणूनच खिळलेला असतो, असे त्यांतून निष्पन्न झाले.

वॉरेनबाई डॉक्टर होत्या. त्यांनी उघडलेल्या वाटेने जराचिकित्सेस हळूहळू प्रतिष्ठा आली आणि १९६५ साली ग्लासगो येथे ह्या विषयाचे ब्रिटनमधील पहिले प्राध्यापकपद निर्माण झाले. परंतु कक्षात चोवीस तास वावरणारी परिचारिका ह्या वाटेवर कोठे होती? ती दर फेरीस रोग्यांच्या पाठी चोळत होती. आपल्या विषयाचा मुद्दा येथेच सुरू होतो.

३

शय्याव्रण, म्हणजे एकाच स्थितीत पडून राहिल्याने माकडहाड, टाचा, नितंब इत्यादी ठिकाणी पडणारी जखम, ही व्याधी परिचर्येच्या इतिहासात एक विलक्षण स्थान व्यापून आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी १८५९ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या आपल्या परिचर्याविषयक पुस्तकात असे मत मांडले होते की, रोग्यास शय्याव्रण झाले तर तो दोष बहुधा रोगाचा नसून परिचर्येचा असतो. परिचारिकांच्या पुढील अनेक पिढ्यांनी हे वाक्य आरोपपत्रासारखे वाचले. कक्षात एखाद्या म्हाताऱ्याच्या पाठीस जखम झाली की ती त्या कक्षाच्या प्रमुख परिचारिकेची बेअब्रू ठरे. अशा वातावरणात जखमेची नोंद करण्यापेक्षा ती झाकण्याकडे कल होणे स्वाभाविक होते.

त्याच काळात वैद्यकाने ह्याच जखमेविषयी अगदी उलट उपपत्ती मांडली. पॅरिसचे प्रख्यात मज्जाविशारद शार्को ह्यांनी पक्षाघाताच्या रोग्यांत झपाट्याने होणारे शय्याव्रण पाहून ते मज्जातंतूंच्या विकारामुळे होते असे प्रतिपादिले. ते व्रण दिसले की मृत्यू जवळ आला असे समजावे, असा त्यांचा अनुभव होता. ब्राउन-सेकार ह्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांवरून दाब व ओलावा ह्यांकडे बोट दाखविले होते. तथापि शार्कोंच्या अधिकारापुढे दीर्घकाळ ते मत मागे पडले.

ह्या दोन मतांतील साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे. एक म्हणते, दोष परिचारिकेचा. दुसरे म्हणते, दोष मज्जातंतूंचा. पहिल्या मताप्रमाणे उत्तर आधीच ठाऊक आहे, म्हणून शोधण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्या मताप्रमाणे उपायच नाही, म्हणून शोधून उपयोग नाही. आरोप आणि नियती ही दोन्ही जिज्ञासेची दारे सारख्याच घट्टपणे बंद करतात. नाइटिंगेलबाईंवर मात्र येथे अन्याय होता कामा नये. त्यांच्या त्याच पुस्तकात रोग्याच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे; त्या स्वतः संख्याशास्त्राच्या जाणकार होत्या आणि १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्रीय सभेच्या पहिल्या स्त्री-सदस्य झाल्या होत्या. निरीक्षण करा, मोजा, हा त्यांचा उपदेश होता. पुढच्या पिढ्यांनी त्यातील आरोप तेवढा उचलला आणि मोजण्याची गोष्ट सोडून दिली.

प्रत्यक्ष उपचारांत काय चालत असे? साबण-पाणी, स्पिरिट, झिंक व एरंडेल यांचे मलम, अंड्याचा पांढरा बलक, अशा नानाविध पदार्थांनी पाठ चोळण्याची प्रथा होती. प्रत्येक रुग्णालयाचा, किंबहुना प्रत्येक प्रमुख परिचारिकेचा, आपला असा एक पदार्थ असे आणि शिकाऊ मुलीने तो निमूटपणे वापरावयाचा असे. ह्या अर्थाने ती खरोखरच ‘शुश्रूषा’ होती : सांगितलेले ऐकणे.

दरम्यान प्रयोगशाळेतून आणि अन्य रुग्णालयांतून काही धागे हाती येत होते. १९३० साली लँडिस ह्यांनी केशवाहिन्यांतील रक्तदाब मोजला. १९४४ पासून स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. गुटमन पाठीच्या कण्यास इजा झालेल्या सैनिकांस दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याचा दंडक पाळीत होते आणि शार्कोंची नियती अशा रोग्यांतही टळते हे दाखवीत होते. १९५९ साली कोसिआक ह्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांवरून दाबाचे प्रमाण व दाबाचा कालावधी ह्यांचे व्यस्त नाते स्पष्ट केले : दाब थोडा असला तरी तो बराच वेळ राहिल्यास इजा होते. परंतु तरुण सैनिक आणि प्रयोगशाळेतील प्राणी ह्यांच्यावरून ऐंशी वर्षांच्या म्हातारीविषयी काय अनुमान काढावे, हा प्रश्न तसाच होता.

४

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॉर्टनबाईंनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. वृद्धांच्या कल्याणासाठी १९४७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय निगमाने त्या अभ्यासास आश्रय दिला आणि ‘रुग्णालयातील वृद्धपरिचर्येच्या समस्यांचा शोध’ अशा आशयाच्या नावाचा ग्रंथ १९६२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर तीन नावे आहेत : नॉर्टन, मॅकलॅरेन आणि एक्स्टन-स्मिथ. ह्यांतील तिसरे नाव जराचिकित्सेतील एका नामांकित डॉक्टरांचे आहे. परिचारिकेचे नाव पहिले आणि डॉक्टरांचे अखेरचे, हा क्रम त्या काळी किती असामान्य होता ह्याची कल्पना आज सहजासहजी येणार नाही.

ग्रंथातील विचाराची पद्धत पाहण्यासारखी आहे. कोणते मलम चांगले, हा कक्षातील नित्याचा वाद होता. त्या वादाचा निकाल लावावयाचा तर दोन गटांच्या रोग्यांस दोन पदार्थ लावून परिणाम ताडून पाहावा लागेल. परंतु एका गटात चालते-फिरते रोगी अधिक आणि दुसऱ्यात निश्चेष्ट पडलेले अधिक असतील तर ती तुलना फोल ठरेल. तेव्हा आधी प्रत्येक रोग्यास जखम होण्याचा संभव किती, हे ठरविणारे काही माप हवे. आज जगभर वापरला जाणारा नॉर्टन-तक्ता जन्मास आला तो अशा प्रकारे : रोग्यांची न्याय्य तुलना करता यावी म्हणून घडविलेले एक संशोधनाचे साधन म्हणून.

अभ्यासलेल्या २५० वृद्ध रोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रोग्यांस शय्याव्रण झाल्याचे आढळले. बहुतेक जखमा रुग्णालयात आल्यापासून पहिल्या काही आठवड्यांतच झालेल्या होत्या. तक्त्यावरील गुण जितके कमी तितका जखमेचा संभव अधिक, असा स्पष्ट क्रम दिसून आला. आणि मलमांचे काय? पाठीस लावण्याच्या पदार्थांपैकी कोणताही एक दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. ज्या रोग्यांस दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळविले गेले त्यांना मात्र जखमा कमी झाल्या.

ह्याच सुमारास, १९६१ साली, डॉ. एक्स्टन-स्मिथ ह्यांनी शेरविन ह्यांच्यासमवेत एक साधी पण मार्मिक पाहणी प्रसिद्ध केली होती. ५० वृद्ध रोगी रात्री झोपेत आपण होऊन किती वेळा हालचाल करतात ह्याची मोजणी त्यांनी केली. रात्रीतून ५० हून अधिक वेळा हलणाऱ्यांपैकी एकासही जखम झाली नाही; २० किंवा त्याहून कमी वेळा हलणाऱ्यांपैकी दहांतील नऊ जणांस झाली. निरोगी माणूस झोपेत कूस पालटतो हे आपण सारेच जाणतो. तेच कूस पालटणे हे त्वचेचे संरक्षण आहे, आणि ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी ते करावे लागते, हे ह्या दोन अभ्यासांनी मिळून दाखविले.

ह्या निष्कर्षाचा नैतिक अर्थ मोठा होता. पिढ्यानुपिढ्या परिचारिका ज्या कष्टाने पाठी चोळीत होत्या, ते कष्ट मुख्यतः वाया गेले होते. आणि तरीही जखम झाली की दोष त्यांच्याच माथी येत होता. जखम टाळता येते, हे नाइटिंगेलबाईंचे म्हणणे खरे ठरले. परंतु ती एका मुलीच्या निष्काळजीपणामुळे होते, की रात्री तीस रोग्यांमागे दोनच परिचारिका असल्याने होते, हा प्रश्न आता विचारता येऊ लागला. ज्याला जखमेचा संभव अधिक त्याला वळविण्यास अधिक हात लागतात. तेव्हा ‘ही जखम कोणामुळे झाली?’ ह्या प्रश्नाची जागा ‘ह्या कक्षात किती जणांना, किती वेळा वळवावे लागेल आणि त्यासाठी किती माणसे हवीत?’ ह्या प्रश्नाने घेतली. आरोपाचे रूपांतर हिशोबात झाले आणि हिशोब व्यवस्थापकापुढे ठेवता येतो.

५

आता तक्त्याच्या भाषेकडे वळू, कारण भाषेच्या अभ्यासकास त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तक्त्यात पाच बाबी आहेत : शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, हिंडणे-फिरणे, अवयवांची हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा. प्रत्येक बाबीस चार पायऱ्या असून त्यांना ४ पासून १ पर्यंत गुण दिले आहेत. जास्तीत जास्त बेरीज २०, कमीत कमी ५. १४ किंवा त्याहून कमी गुण मिळाल्यास रोग्यास धोका आहे असे समजावयाचे. (ही मर्यादा १५–१६ पर्यंत वाढवावी, असे नॉर्टनबाईंनीच १९८० च्या दशकात सुचविले.)

पायऱ्यांची नावे पाहावीत. मानसिक अवस्थेसाठी सावध, उदासीन, गोंधळलेला, ग्लानीत. हिंडण्या-फिरण्यासाठी स्वतः चालणारा, आधाराने चालणारा, खुर्चीस खिळलेला, अंथरुणास खिळलेला. अशा आशयाचे शब्द आहेत. ह्यांत ग्रीक-लॅटिन घडणीचा अवजड पारिभाषिक शब्द जवळजवळ नाही. रात्रपाळीची परिचारिका दिवसपाळीच्या परिचारिकेस काम सोपविताना जी विशेषणे वापरी, तीच येथे क्रमाने मांडलेली आहेत. म्हणजे नॉर्टनबाईंनी नवी परिभाषा निर्माण केली नाही. कक्षातील बोलीत जे ज्ञान विखुरलेले होते त्याला क्रम दिला. बोलीतील विशेषणे सैल असतात. त्यांतून चार निवडून त्यांच्यामध्ये पायऱ्या कल्पिल्या की त्याच विशेषणांचे माप होते. अनुभवी परिचारिकेस जे नुसत्या नजरेने कळे ते नवशिक्या मुलीस, डॉक्टरांस आणि परगावच्या संशोधकास सांगता येऊ लागले.

तिसऱ्या व चौथ्या बाबीत केलेला भेद विशेष सूक्ष्म आहे. सामान्य व्यवहारात हिंडणे-फिरणे आणि हालचाल ह्यांत आपण फरक करीत नाही. परंतु दिवसभर खुर्चीत बसविलेला एखादा म्हातारा ‘उठून बसला आहे’ म्हणून बरा समजला जातो, आणि त्याला स्वतःचे बूड इंचभरही सरकविता येत नसल्याने खुर्चीतच जखम होते. उलट एखादी अंथरुणातली बाई एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर सतत वळत असते आणि तिची त्वचा शाबूत राहते. जेथे भाषेत एक शब्द होता तेथे दोन करणे, ह्यालाच शास्त्रात शोध म्हणावयाचे.

६

अशा कामाला विद्यापीठात स्थान मिळण्यास वेळ लागला. एडिंबरो विद्यापीठात १९५६ साली परिचर्या-अध्ययनाचा विभाग सुरू झाला आणि १९६० मध्ये तेथे पदवीचा अभ्यासक्रम आला. परिचर्येचे पहिले ब्रिटिश प्राध्यापकपद तेथेच, १९७० च्या दशकाच्या आरंभी, मार्गारेट स्कॉट राइट ह्यांना मिळाले. नॉर्टनबाईंच्या ग्रंथानंतर हे घडण्यास सुमारे एक दशक जावे लागले. मधल्या काळात त्यांचे लेखन चालूच होते : दीर्घकाळ राहणाऱ्या रोग्यांच्या रुग्णालयांवरील पुस्तक १९६७ साली आणि परिचर्येच्या साधनसामग्रीवरील पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. पलंगाची उंची, कपड्यांची ठेवण अशा ज्या गोष्टी विद्वत्तेच्या कक्षेबाहेरच्या मानल्या जात, त्यांवरच ह्या लेखनाचा भर होता. १९६२ चा मूळ ग्रंथ १९७५ मध्ये पुन्हा छापला गेला.

अमेरिकेत विद्यापीठांची दारे आधी उघडली होती. तेथे परिचर्या-संशोधनास वाहिलेले नियतकालिक १९५२ मध्येच सुरू झाले. अमेरिकन परिचारिका संघाने १९६६ साली वृद्धपरिचर्येसाठी स्वतंत्र शाखा काढली. आणि १९७६ साली त्या शाखेच्या नावातील ‘जेरिअॅट्रिक’ हा शब्द काढून त्या जागी ‘जेरंटॉलॉजिकल’ हा शब्द योजला. पहिल्या शब्दाच्या अंती ग्रीक वैद्य आहे, दुसऱ्याच्या अंती ज्ञानवाचक ‘लोगोस’. आम्ही वैद्याच्या शाखेची पुरवणी नसून वार्धक्याच्या ज्ञानक्षेत्राचे स्वतंत्र भागीदार आहोत, असे त्या संघाने एका प्रत्ययाच्या बदलाने जाहीर केले. १९८० च्या दशकात क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात ह्या विषयाचे देणगीप्राप्त प्राध्यापकपद निर्माण झाले तेव्हा त्यावर प्रथम नॉर्टनबाईंची नेमणूक झाली. इंग्लंडच्या कक्षात विचारलेल्या प्रश्नाला विद्यापीठाची खुर्ची मिळाली ती अटलांटिकच्या पलीकडे.

उलट दिशेनेही प्रवास झाला. थेल्मा वेल्स ही अमेरिकन परिचारिका मँचेस्टर विद्यापीठात संशोधनासाठी आली आणि तिचा वृद्धपरिचर्येच्या समस्यांवरील ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाल्यावर तिने मूत्रावरील ताबा सुटण्याच्या प्रश्नास आपले संशोधन वाहिले. ज्या विषयाचा उच्चारही संकोचाने होई, त्यावर प्राध्यापकाने उभे आयुष्य वेचावे, ही गोष्ट ह्या विद्याशाखेचे वेगळेपण दाखविण्यास पुरेशी आहे.

७

ह्या इतिहासाचे गौरवीकरण करून थांबणे संशोधनाच्या वृत्तीस धरून होणार नाही. नॉर्टन-तक्त्यात आहाराला स्वतंत्र स्थान नाही. पाचही बाबींना सारखेच वजन दिले आहे. ‘वाईट’ आणि ‘फार वाईट’ ह्यांतील सीमा पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून राहते. असे आक्षेप रास्त होते. त्यांतूनच १९८५ मध्ये वॉटरलो ह्यांचा आणि १९८७ मध्ये ब्रेडन व बर्गस्ट्रॉम ह्यांचा असे नवे तक्ते पुढे आले. दुसऱ्यात आहार, ओलावा, संवेदना व घर्षण ह्यांचा स्पष्ट समावेश आहे. हे सारे तक्ते परिचारिकांनीच घडविले, हे येथे लक्षात घ्यावे. जखमेचे नावही बदलत गेले. शय्येवरून दाबाकडे, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाच्या निर्णयाने ‘व्रणा’वरून ‘इजे’कडे, असा तो प्रवास आहे. ‘इजा’ म्हटले की ती कोणीतरी केली असा ध्वनी निघतो, अशी शंका येथे भाषाशास्त्रज्ञास येणारच. आरोपाचे जुने भूत नव्या शब्दातून परत येऊ शकते.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र निराळा आहे. २००८ पासून वेळोवेळी प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन-समीक्षांत असा निष्कर्ष निघाला की, तक्ता वापरल्याने जखमांचे प्रमाण अनुभवी परिचारिकेच्या निर्णयापेक्षा अधिक घटते असा भक्कम पुरावा नाही. ह्यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. तक्ता भरल्याने रोगी कुशीवर वळत नाही. त्याला हातांनी वळवावे लागते. नॉर्टनबाईंनी १९८९ साली आपल्या तक्त्याविषयी मागे वळून लिहिताना त्याचा मूळ हेतू संशोधनाचा होता ह्याची आठवण करून दिली होती. जेथे तक्ता रोज यांत्रिकपणे भरून फाइलीस लावला जातो, तेथे पाठ चोळण्याच्या जागी कागद चोळण्याची प्रथा आली इतकेच म्हणावे लागेल. प्रश्नातून निघालेले साधन पुन्हा आज्ञा बनले की जिज्ञासेची पुन्हा शुश्रूषा होते, आणि तीही शब्दाच्या मूळ, संकुचित अर्थाने.

८

ह्या विषयाचा आपल्याशी काय संबंध, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येईल. भारतात परिचर्येचे पदवी-शिक्षण १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. दिल्लीस पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५९ मध्ये आला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये परिचर्या-महाविद्यालय काढले. म्हणजे विद्यापीठीय स्थानाच्या बाबतीत आपण ब्रिटनच्या फारसे मागे नव्हतो, किंबहुना पदवीच्या बाबतीत पुढेच होतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे साठी ओलांडलेल्यांची संख्या देशात दहा कोटींहून अधिक होती. ह्यांपैकी बहुतेकांची परिचर्या रुग्णालयात होत नाही. ती घरात होते; आणि ती करणारी सून, मुलगी, पत्नी किंवा पगारी बाई मराठी मुलखात मराठीत बोलते. परिचर्येचे उच्च शिक्षण आणि संशोधन मात्र इंग्रजीत चालते.

नॉर्टनबाईंच्या उदाहरणाचा बोध येथे लागू पडतो. त्यांचे माप कक्षाच्या बोलीतून निघाले होते. मराठीत असे माप करावयाचे तर इंग्रजी तक्त्याचे शब्दशः भाषांतर पुरे पडणार नाही. आपल्या बोलीतील पायऱ्या शोधाव्या लागतील. ‘हिंडता-फिरता’, ‘भिंतीच्या आधाराने चालणारा’, ‘अंथरूण धरलेला’, ‘अंथरुणाला खिळलेला’ ही एक उतरती मालिका आपल्या भाषेत तयारच आहे. तिच्यातील शेवटच्या दोन पायऱ्यांतील फरक व्याकरणात उतरला आहे : अंथरूण धरतो तेव्हा रोगी कर्ता असतो, खिळतो तेव्हा तो कर्ता राहत नाही. ‘अन्नावरची वासना उडणे’ ह्या वाक्प्रयोगात जी अवस्था सांगितली जाते ती इंग्रजी तक्त्यातील आहाराच्या रकान्यात नीट मावत नाही. ‘म्हातारचळ’ ह्या एका शब्दाखाली आपण किती भिन्न विकार झाकून टाकतो, हे तर स्वतंत्र प्रबंधाचे विषय होण्याजोगे आहे.

वऱ्हाड, खानदेश, कोकण, मराठवाडा अशा निरनिराळ्या भागांत घरी वृद्धांची सेवा करणाऱ्या स्त्रिया रोग्याची अवस्था कोणत्या शब्दांत सांगतात, कोणता शब्द ऐकला की दुसरी बाई रात्री उठून कूस पालटविते, ह्याचा संग्रह भाषाशास्त्राचा विद्यार्थी आणि परिचर्येची विद्यार्थिनी ह्यांनी मिळून करावयास हवा. हे काम प्रयोगशाळेवाचून होण्यासारखे आहे. त्यासाठी वही, वेळ आणि ऐकण्याची इच्छा एवढ्याच गोष्टी लागतात. ‘शुश्रूषा’ शब्दाच्या धात्वर्थात ही तिसरी गोष्ट मुळापासूनच आहे. ऐकावयाचे कोणाचे, एवढेच काय ते आता बदलावयाचे आहे : वरून आलेल्या आज्ञेऐवजी अंथरुणातल्या माणसाचे, आणि त्याच्या उशाशी जागणाऱ्या बाईचे.